एका दिवसाचा चंद्र

जगांतील यच्चयावत् लिपींच्या प्रत्येक अक्षरास एकेक कायमचा क्रमांक द्यावयाचा, असें एक प्रचंड काम १९९१ सालापासून चाललेलें आहे. आपल्या घरोघरीं जे संगणक आणि मोबाइल येऊन बसले आहेत त्यांना 'क' म्हणजे काय हें ठाऊक नसतें. त्यांना ठाऊक असते ती संख्या. देवनागरी 'क' म्हणजे २३२५, हें एकदां ठरलें कीं तें पुण्यास आणि टोकियोस सारखेंच. ह्या क्रमांकांच्या महाग्रंथास युनिकोड म्हणतात. तो चाळणें हें काम टेलिफोनची डिरेक्टरी वाचण्याइतकेंच रुक्ष, असा कोणाचाही समज होईल, आणि पुष्कळ पानांपुरता तो खराही आहे. परंतु त्यांतील हिब्रू लिपीच्या प्रकरणांत एक जागा सुमारें नऊ वर्षें रिकामी होती, आणि पुढें ती भरली गेली. त्या रिकाम्या जागेची हकीकत आम्हांस एकाद्या चांगल्या पाठभेदाच्या वादाइतकी मनोरंजक वाटली, म्हणून ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

हिब्रू लिपि उजवीकडून डावीकडे चालते. तिचीं अक्षरें बावीस; त्यांपैकीं पांचांचीं शब्दाच्या शेवटीं निराळीं रूपें होतात. हीं सर्व अक्षरें व्यंजनांचीं. यहुदी लोकांच्या प्रार्थनामंदिरांत धर्मग्रंथाची जी चर्मपत्राची गुंडाळी पूज्य म्हणून ठेवलेली असते, तींत आजही नुसतीं हीं अक्षरेंच असतात. स्वराचें चिन्ह नाहीं, विरामाचें नाहीं, कांहीं नाहीं. वाचणाऱ्यानें बाकीचें सर्व मुखोद्गत करून उभें राहावयाचें. ज्या समाजांत गुरुमुखाची परंपरा अखंड आहे तेथें हें चालतें. पण ती भाषा रोजच्या बोलण्यांतून गेली, लोक देशोदेशीं पांगले, आणि उच्चार विसरले जाण्याचें भय उत्पन्न झालें. तेव्हां इसवी सनाच्या सातव्या ते दहाव्या शतकांत गॅलिली सरोवराच्या कांठीं तिबेरियास गांवीं ज्या पंडितांच्या पिढ्या होऊन गेल्या, त्यांनीं एक विलक्षण युक्ति योजिली. मूळ अक्षरास हात लावणें पाप; म्हणून अक्षरांच्या वर, खालीं आणि पोटांत चिन्हें बसवावयाचीं. ह्यांना मसोरा-पंडित म्हणतात. मसोरा म्हणजे परंपरा. त्यांनीं प्रथम स्वरांचे बिंदु आणि रेघा बसविल्या, आणि त्यांशिवाय आणखी एक थर चढविला. त्या तिसऱ्या थराचें नांव तेअमीम. एकवचनीं 'ताअम'. ह्या शब्दाचा मूळ अर्थ चव, आणि दुसरा अर्थ आशय. वाक्याची चव आणि वाक्याचा आशय ह्यांस एकच शब्द असावा, ही गोष्ट आमच्यासारख्या 'रस' शब्द बाळगणाऱ्यांस तरी परकी वाटूं नये.

ह्या चिन्हांचीं कामें तीन. आघात कोणत्या अक्षरावर हें तीं सांगतात. कोणत्या चालीवर म्हणावयाचें हें सांगतात. आणि तिसरें काम, जें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटतें, तें म्हणजे कोणता शब्द कोणास चिकटवावयाचा आणि कोठें तोडावयाचें, हें दाखविणें. तोडणाऱ्या चिन्हांना यहुदी पंडित 'राजे' म्हणत आणि जोडणाऱ्यांना 'सेवक'. पुढें युरोपांतील ख्रिस्ती पंडितांनीं ह्या दरबारांत बादशहा, राजे, ड्यूक आणि काउंट अशा पायऱ्या पाडल्या. त्यांच्या देशांत जें होतें तेंच त्यांना व्याकरणांतही दिसलें! चालीच्या बाबतींत मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. चिन्हें सर्वत्र तींच, पण येमेनमधील यहुदी त्यांवर जी चाल म्हणतात ती बगदादच्या यहुद्यांची नव्हे, आणि जर्मनी-पोलंडकडील यहुद्यांची तर मुळींच नव्हे. म्हणजे चिन्ह हें सुरांचें माप नसून वाक्याच्या रचनेचा नकाशा आहे, आणि त्या नकाशावरून प्रत्येक प्रांतानें आपापल्या गळ्याची वाट काढली आहे.

जोडतोडीचें महत्त्व एका प्रसिद्ध उदाहरणानें स्पष्ट होईल. यशया नांवाच्या प्रवक्त्याच्या ग्रंथांत, चाळिसाव्या अध्यायाच्या आरंभीं, एक वाणी पुकारीत आहे आणि अरण्यांत ईश्वरासाठीं मार्ग तयार करावयास सांगत आहे. आतां 'अरण्यांत' हा शब्द कोणाचा? तो पुकारणाऱ्याचा, कीं मार्गाचा? नव्या करारांत हें वचन योहानास लावलें आहे, आणि योहान अरण्यांत उभा राहून पुकारीत होता. म्हणून तेथें 'अरण्यांत' मागें जातो. मसोरा-पंडितांनीं मात्र 'पुकारतो' ह्या शब्दावर एक तोडणारें चिन्ह ठेविलें आहे. त्यांच्या मतें वाणी कोठूनही येवो, मार्ग अरण्यांत व्हावयाचा आहे. एका अक्षरावरच्या दोन ठिपक्यांनीं दोन धर्मांच्या वाचनांची फारकत झाली. आमच्या वाचकांस येथें 'इंद्रशत्रु' ह्या शब्दाची कथा आठवल्यावांचून राहणार नाहीं. त्वष्ट्यास इंद्राचा घात करणारा पुत्र पाहिजे होता. पण मंत्रांतील आघात चुकीच्या जागीं पडला, तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला, आणि इंद्र हाच ज्याचा घातक असा वृत्र निपजला. व्याकरण कां शिकावें ह्याचीं प्रयोजनें सांगतांना पतंजलीनें महाभाष्यांत ही कथा उगीच घातलेली नाहीं.

आतां आमच्या मूळ विषयाकडे वळतों. यहुदी परंपरेप्रमाणें धर्मग्रंथ चोवीस. त्यांपैकीं स्तोत्रें, नीतिसूत्रें आणि ईयोब हे तीन काव्यग्रंथ. त्यांची स्वरचिन्हांची व्यवस्था निराळी आणि बाकी एकवीस ग्रंथांची निराळी. (ईयोबाच्या ग्रंथाचा आरंभ आणि शेवट गद्यांत आहे, तर तेवढ्या भागास गद्याचींच चिन्हें! इतकी ती मंडळी काटेकोर होती.) दोन्ही व्यवस्थांतील पुष्कळ चिन्हें आकारानें एक असून कामानें वेगळीं आहेत.

ह्या चिन्हांचीं नांवें मोठीं रसाळ आहेत. एकाचें नांव शलशेलेत, म्हणजे सांखळी. तें मोशेच्या पांच ग्रंथांत अवघें चार वेळां येतें, आणि त्यांतील एक जागा योसेफ धन्याच्या पत्नीस नकार देतो तेथची आहे. त्या एका शब्दावर गाणारा इतका वेळ घोटाळतो कीं, नकार देणाऱ्याचें मनही तेथें घोटाळलें असावें असें जुने टीकाकार म्हणत आले. दुसऱ्याचें नांव कार्ने फारा, गाईचीं शिंगें. आणि त्याच्या आधीं नेमानें येणाऱ्या सेवकाचें नांव येराह बेन योमो, म्हणजे एका दिवसाचा चंद्र. अमावास्येनंतर पश्चिमेस जी पुसट कोर दिसते ती. गाईचीं शिंगें सबंध एकवीस ग्रंथांत सोळाच वेळां येतात, म्हणून त्यांच्या पुढें चालणारी ही कोरही तेथें तितकीच विरळ.

काव्यग्रंथांच्या व्यवस्थेंत एक दुसरा सेवक आहे. एत्नाहता किंवा अत्नाह म्हणून एक मोठें विरामचिन्ह आहे. नांवाचा अर्थ विसावा. तें अक्षराखालीं घराच्या आढ्याप्रमाणें टोक वर करून बसतें. हें आढें उलटें केलें कीं जें होतें तें अत्नाह हफूख, उलटा विसावा. आतां वाचकांनींच कल्पना करावी: अक्षराच्या खालीं, राईएवढ्या जागेंत, एक वर उघडलेली कोर आणि एक उलटें आढें ह्यांत अंतर तें किती! जुन्या कांहीं पाठांत तें अंतर राखलेलें आहे. पण छपाईचें युग आलें आणि खिळ्यांचा हिशेब सुरू झाला. ओतारी दोन खिळे कशास ओतील, जेथें एकानें भागतें? गेल्या कांहीं शतकांतील बहुतेक आवृत्त्यांत दोन्ही ठिकाणीं कोरच छापलेली दिसते. वाचणाऱ्याचें त्यावांचून फारसें अडलेंही नाहीं. ग्रंथ कोणता चालला आहे हें त्यास ठाऊक असतें. अलीकडील दशकांत मात्र कांहीं संपादकांनीं जुना भेद पुन्हा पाळावयास आरंभ केला. हस्तलिखितें पुन्हा बारकाईनें पाहिल्याखेरीज असा आरंभ होत नसतो. आणि त्या हस्तलिखितांचा तरी भरंवसा काय? सुमारें ९३० सालीं लिहिलेली, ह्या परंपरेंतील सर्वांत प्रमाणभूत मानलेली आलेप्पो येथील पोथी शतकानुशतकें जपली गेली आणि १९४७ च्या दंग्यांत तिचीं पुष्कळ पानें नाहींशीं झालीं. उरलेली पोथी १९५८ सालीं जेरुसलेमला पोंचली.

संगणकाचा काळ आला तेव्हां हिब्रूची व्यवस्था हप्त्याहप्त्यानें झाली. आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेनें १९८८ सालीं हिब्रूचा जो तक्ता प्रसिद्ध केला त्यांत बावीस अक्षरें आणि पांच अंत्यरूपें एवढींच होतीं. वर्तमानपत्रें आणि व्यापारी पत्रें लिहावयास तेवढीं पुरेशीं होतात. धर्मग्रंथाच्या अभ्यासकांस तीं पुरेशीं नव्हतीं. म्हणून अमेरिकेंत मिशिगन आणि क्लेरमाँट येथील विद्वानांनीं १९८० च्या दशकांत सबंध ग्रंथ यंत्रांत उतरवितांना आपली वेगळीच लिपि केली: अक्षरांऐवजीं रोमन अक्षरें आणि स्वरचिन्हांऐवजीं दोन-दोन आंकडे. विसाव्याचें चिन्ह म्हणजे ९२. हा मजकूर पाहिला तर तो वेदांत-तत्त्वज्ञानापेक्षां बीजगणितासारखा अधिक दिसतो; पण काम होत होतें. १९९१ च्या युनिकोडाच्या पहिल्या आवृत्तींत स्वरांचे बिंदु आले, तेअमीम आले नाहींत. ते आले १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तींत. त्यांच्यासाठीं १४२५ पासून १४५५ पर्यंत एकतीस जागा झाल्या. तीस भरल्या, आणि मध्येंच १४४२ ही जागा मोकळी राहिली. कोरीस १४५० हा क्रमांक मिळाला. उलट्या विसाव्यास कांहींच मिळालें नाहीं, कारण छापील पुस्तकांप्रमाणें येथेंही कोर आणि उलटें आढें एकच धरलीं गेलीं.

येथें कोणी म्हणेल कीं, ज्या भेदावांचून तीन-चारशें वर्षें छापखान्याचें चाललें त्या भेदावांचून यंत्राचें चालावयास काय हरकत होती? हा आक्षेप दिसतो तितका दुबळा नाहीं. पण आमच्या मतें छापखाना आणि संगणक ह्यांत एक मूलभूत फरक आहे, आणि ह्या सबंध प्रकरणाचें मर्म त्यांतच आहे. हस्तलिखिताच्या लेखकास जें दिसलें तें लेखणी वळवून काढतां येत होतें. त्यास कोणाची परवानगी लागत नव्हती. छापखान्यांत तें महाग झालें, तरी हट्टी संपादकास पदरचे पैसे खर्चून एक खिळा अधिक ओतवून घेतां येई. संगणकांत जें चिन्ह क्रमांकावांचून आहे तें नाहींच. संपादकानें पोथींत डोळ्यांनीं पाहिलें, त्याची खात्री पटली, तरी तें त्यास लिहितां येत नाहीं, शोधतां येत नाहीं, दुसऱ्यास पाठवितां येत नाहीं. खासगी वापरासाठीं राखून ठेविलेले क्रमांक आहेत, हें खरें. पण ते दोन घरांनीं आपसांत केलेल्या तोंडी करारासारखे, तिसऱ्याच्या यंत्रावर त्यांचा अर्थ शून्य. बरें, क्रमांकांचा दुष्काळ आहे म्हणावें तर तसेंही नाहीं. युनिकोडांत एकंदर ११,१४,११२ जागा आहेत. तेव्हां भेद नाकारणें म्हणजे काटकसर नव्हे. तो एका मताचा निवाडा आहे, आणि तो निवाडा पुढें पोथी पाहूं इच्छिणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक होतो.

सुदैवानें हा निवाडा फिरविला गेला. पुरावे मांडले गेले आणि २००५ सालच्या ४.१ ह्या आवृत्तींत १४४२ ही मोकळी जागा अत्नाह हफूख ह्यास मिळाली. त्याच आवृत्तींत आणखीही कांहीं हिब्रू चिन्हें आलीं; त्यांपैकीं एक, एकाच स्वरचिन्हाचे 'आ' आणि 'ओ' असे दोन उच्चार होतात त्यांतील दुसरा वेगळा दाखवूं इच्छिणाऱ्या प्रार्थनापुस्तकांच्या प्रकाशकांसाठीं होतें. मात्र क्रमांक मिळाल्यानें जुने मजकूर आपोआप सुधारत नाहींत. २००५ पूर्वीं जे उतरविले गेले त्यांत उलट्या आढ्याच्या जागीं कोरच बसलेली आहे, आणि ती कोणीतरी जाणत्यानें एकेक करून उठवावी लागते.

तर मग चिन्ह एक कीं दोन, हें ठरवावयाचें कशावरून? आकारावरून म्हणावें, कीं कामावरून? युनिकोडाचें पान ह्या दृष्टीनें वाचूं लागलें कीं मौज वाटते. श्लोकाच्या शेवटच्या शब्दाखालीं एक उभी रेघ येते, तिचें नांव सिल्लूक. शब्दाच्या मध्यें दुय्यम आघातासाठीं तशीच उभी रेघ येते, तिचें नांव मेतेग. एक रेघ सबंध दरबाराचा बादशहा, दुसरी साधी काठी. आणि दोघांस मिळून क्रमांक एकच, १४६९. उलटपक्षीं येतीव आणि महपाख ह्यांचा आकार एक, पण एक शब्दाच्या अगदीं आरंभीं उजवीकडे सरकून बसतें आणि दुसरें आघाताच्या अक्षराखालीं. त्यांस मात्र क्रमांक दोन. म्हणजे कोठें आकार पाहिला, कोठें स्थान पाहिलें, कोठें छापखान्याची रूढि पाहिली. ह्यावरून त्या मंडळास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. एका सूत्रांत हें बसतच नाहीं. कोशकार एका शब्दाच्या दोन अर्थांस एक नोंद द्यावी कीं दोन, ह्यावर आयुष्य घालवितो, त्यांतलाच हा प्रकार. आणि ज्यास तो हमालीचा वाटतो त्यानें एकदां कोश करून पाहावा.

ह्या व्यवस्थेचा खरा कडकपणा पुढेंच आहे. एकदां दिलेला क्रमांक काढून घ्यावयाचा नाहीं, हलवावयाचा नाहीं, आणि एकदां दिलेलें नांवही बदलावयाचें नाहीं, असा त्यांचा नियम आहे. नियमाचें कारण उघड आहे: लक्षावधि यंत्रांतील कोट्यवधि लेखांचा पाया हलतां कामा नये. पण त्यामुळें चुकाही अमर होतात. झार्का नांवाचें एक चिन्ह शब्दाच्या शेवटीं, डाव्या अंगास वर बसतें. तक्त्यांत झार्का ह्या नांवाचा क्रमांक १४३२ आहे. परंतु तो क्रमांक अक्षराच्या बरोबर डोक्यावर बसणाऱ्या चिन्हाचा आहे. डाव्या अंगास बसणारी झार्का पाहिजे असेल तर १४५४ घ्यावा लागतो, ज्याचें तक्त्यांतील नांव त्सिनोर. नांव बदलतां येत नाहीं. म्हणून खालीं टीप लिहिली आहे कीं, अमुक ठिकाणीं बसवावयाचें असेल तर हा क्रमांक वापरावा आणि तमुक ठिकाणीं तो. श्रुति बदलतां येत नाहीं, तेव्हां भाष्य लिहावयाचें, ही रीति आमच्या परिचयाची आहेच.

दुसरी अडचण पंक्तीची. एका हिब्रू अक्षरावर एकाच वेळीं दोन-तीन चिन्हें येऊं शकतात. कोणी आधीं स्वर लिहील, कोणी आधीं आघात; यंत्रास मात्र दोन्ही लेख एकच आहेत हें कळलें पाहिजे. म्हणून प्रत्येक चिन्हास पंगतींतला मान ठरवून दिला आहे, आणि यंत्र प्रसंगीं त्या मानाप्रमाणें चिन्हांस उठवून बसवितें. हिब्रू स्वरांना दहापासून पुढें मान लाविले गेले: इ-कारास चौदा, अ-कारास सतरा. एका अक्षरास एकच स्वर असावयाचा, तेव्हां त्या दोघांची एका पानावर गांठ पडणार नाहीं, अशी कल्पना असावी. पण ती गांठ पडते, आणि पडते ती नेमकी जेरुसलेम ह्या शब्दांत! धर्मग्रंथांत तें नांव बहुतेक ठिकाणीं एक अक्षर गाळून लिहिलेलें आहे. गाळलेल्या अक्षराचा इ-कार मागच्या 'ल'च्या पदरीं येतो, आणि त्या 'ल'स आधीं 'अ', मग 'इ' असे दोन स्वर होतात. यंत्रानें मानाप्रमाणें पंगत बसविली कीं 'इ' आधीं आणि 'अ' मागून. ज्या नगरीसाठीं दोन हजार वर्षें प्रार्थना झाल्या तिचें नांवच वांकडें व्हावयास लागलें. मान बदलतां येत नाहीं, कारण नियम. शेवटीं तोड निघाली ती अशी कीं, दोन स्वरांच्या मध्यें ८४७ क्रमांकाचें एक अदृश्य चिन्ह घालावयाचें, म्हणजे यंत्र त्या दोघांची अदलाबदल करीत नाहीं. २००२ सालीं युनिकोडांत आलेल्या ह्या चिन्हाचें नांव 'जोडणारा' अशा अर्थाचें आहे, आणि तें कांहींच जोडीत नाहीं. तसें युनिकोडाच्या टिपेंतही कबूल केलें आहे.

हें सर्व परक्याच्या घरचें म्हणून हंसण्याजोगें नाहीं. देवनागरीच्या पानावर २३८५ हा क्रमांक पाहावा. तेथें अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ आहे आणि नांव आहे 'उदात्त'. ज्यानें ऋग्वेदाची छापील संहिता एकवार उघडली असेल तो तत्काळ म्हणेल कीं, ही रेघ उदात्ताची नव्हे, स्वरिताची. ऋग्वेदांत उदात्तास चिन्हच नसतें, अनुदात्तास खालीं आडवी रेघ आणि स्वरितास वर उभी. बरें, नांव सर्वस्वी चुकलें म्हणावें तर मैत्रायणी आणि काठक संहितांच्या लेखनांत ही उभी रेघ उदात्ताचीच आहे; आणि शतपथ ब्राह्मणांत तर खालची आडवी रेघ उदात्त दाखविते! म्हणजे आपल्याकडेही आकार एक आणि काम शाखेशाखेस निराळें, हाच प्रकार. तक्त्यांत आतां टीप आहे कीं, हें चिन्ह बहुधा स्वरितासाठीं आणि क्वचित् उदात्तासाठीं वापरतात. वैदिक चिन्हांसाठीं स्वतंत्र विभाग झाला तो २००९ सालीं, पस्तीस चिन्हांचा. सामवेदाचीं आणि यजुर्वेदाच्या शाखांचीं चिन्हें तेव्हां प्रथम तेथें आलीं. दूर कशास, 'ॲ' हें अक्षर, ज्यावांचून मराठी माणसास 'ॲडव्होकेट' लिहितां येत नाहीं, तें युनिकोडांत २००८ पर्यंत नव्हतें. हिब्रूच्या उलट्या आढ्यास तें येण्यापूर्वीं तीन वर्षें जागा मिळाली होती. तीं माणसें संख्येनें आपल्याहून किती थोडीं, आणि आपल्या चिन्हांविषयीं किती जागरूक, हा विचार आम्हांस कांहींसा बोंचतो.

महाराष्ट्रांत ह्या चिन्हांची ओळख नवी नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल लोक, ज्यांना शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून आपले लोक शनवार तेली म्हणत, शतकानुशतकें मराठी बोलत आले. डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं त्यांच्यासाठीं हिब्रूचें व्याकरण मराठींतून रचून १८३२ सालीं मुंबईस प्रसिद्ध केलें. आणि वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचा हगादा हा ग्रंथ मराठी भाषांतरासह १८७४ सालीं पुण्यास छापला गेला. हिब्रूचे बिंदु आणि आपल्या वेलांट्या एकाच पानावर बसविण्याची कामगिरी आमच्या गांवच्या छापखान्यानें तेव्हां पार पाडली होती.

एका दिवसाचा चंद्र मोशेच्या पांचही ग्रंथांत मिळून एकदांच उगवतो. चौथ्या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायांत लेवी लोकांच्या नगरांभोंवतीं गायरान मोजून द्यावयास सांगितलें आहे. तेथें 'दोन हजार' ह्या शब्दाखालीं ती कोर आहे, आणि 'हात' ह्या मापाच्या शब्दावर गाईचीं शिंगें. तो भाग वर्षाच्या वाचनक्रमांत उन्हाळ्यांत, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या सुमारास येतो. वाचणारा गुंडाळीपुढें उभा राहतो तेव्हां तींत ना कोर असते ना शिंगें. आदल्या आठवड्यांत त्यानें छापील पुस्तकांतून, किंवा आतां मोबाइलच्या कांचेवरून, १४५० आणि १४३९ ह्या दोन क्रमांकांनीं उमटलेलीं तीं चिन्हें पाहून चाल घोटलेली असते. दोन शब्द तो त्या चालीवर म्हणतो, आणि पुढच्या वर्षापर्यंत ती चाल पुन्हा त्याच्या तोंडीं येत नाहीं.